गोळ्यांनी सुटलेली दारू पुन्हा का लागते?

प्रश्न : माझ्या दिरांची दारू दोनदा सुटली. दवाखान्यातून आले की महिनाभर चांगले राहतात, मग पुन्हा तेच. आता डॉक्टर समुपदेशन घ्या म्हणतात. नुसत्या बोलण्याने व्यसन सुटते का हो?
– एक वाचक भगिनी, वांकिडी

उत्तर : ताई, दोनदा सुटली म्हणजे औषधाने आपले काम दोनदा केले. हातांची थरथर, घाम, उडालेली झोप हे शरीराचे दुखणे बहुधा आठवड्याभरात आवरते. पण मजुरी हातात पडल्यावर जुना सोबती हाक मारतो, तेव्हा दवाखान्यातली गोळी काय करणार?

बोलण्याचे काम तिथून सुरू होते. आणि ते उपदेशाचे नसते. उपदेश घरात पोटभर झालेलाच असतो. समुपदेशक विचारतो, मागच्या वेळी प्यालात त्याच्या आधी दोन तास काय चालले होते? भांडण, रिकामपण, की खिशातले पैसे? अशा चार-पाच घसरणी मांडल्या की माणसाला आपली ठरलेली वाट दिसू लागते. मग ती बदलायची. पैसे कोणाकडे द्यायचे, तलफ ओसरेपर्यंतची वेळ कुठे काढायची, लग्नात ग्लास पुढे आला तर काय म्हणायचे. हे शेवटचे तर चक्क तालीम करून म्हणवून घेतात!

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दारू बंद केलेला माणूस एक घोट घेतो आणि ‘आता सगळे संपलेच’ या अपराधी भावनेने पुढे पीतच जातो. म्हणून घसरल्यावर त्याच दिवशी परत कसे यायचे, हेही आधीच शिकवावे लागते. दिरांच्या बाबतीत हे राहून गेले असावे, असे मला वाटते.

आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला मोठा आधार होता. तिथला मुक्काम ३५ दिवसांचा. त्यात गटात बसून बोलणे मोठे, आणि ऐकणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले कार्यकर्तेही असतात. त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत.

मात्र एक इशारा. बोलण्याच्या भरवशावर घरीच एका दिवसात सगळे बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याला त्याने झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दीर ताडी घेत असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. तुमच्या तेलंगणात ताडीत अल्प्राझोलम, क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणे अनेकदा उघडकीस आली आहेत, आणि तिचा उतार वेगळा सांभाळावा लागतो. आधी डॉक्टर, मग समुपदेशक. पुढे कित्येक महिने दोघेही.

दीर तयार नसतील तर? तरी तुम्ही आणि जाऊबाई सुरुवात करू शकता. पिऊन आल्यावर वाद घालायचा नाही, त्यांची उधारी फेडायची नाही, न प्यायलेल्या दिवशी मात्र आवर्जून सोबत बसायचे, एवढे घरच्यांनी शिकून घेतले तरी पुष्कळ माणसे उपचाराला तयार होतात. व्यसनमुक्तीसाठी सरकारी मोफत क्रमांक १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. पहिला फोन दिरांनीच करावा म्हणून थांबू नका, तुम्हीच करा.