भोवरीवरील होमिओपॅथी उपचार : आरोग्य-अर्थशास्त्राचा एक पाठ

पायाच्या एकाच भागावर सतत दाब व घर्षण होत राहिल्यास तेथील त्वचा जाड व कठीण बनते आणि तिचा टणक गाभा आत रुतून वेदना होऊ लागतात. यालाच भोवरी अथवा कुरूप म्हणतात. चामखीळ येण्यास विषाणू कारणीभूत असतो. भोवरीस मात्र दाब. म्हणून योग्य मापाची पादत्राणे वापरून दाब दूर करणे, हाच तिच्यावरील मूलभूत उपाय होय. कठीण त्वचा मऊ करण्यासाठी सॅलिसिलिक आम्लाचाही वापर होतो.

जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान (१७५५-१८४३) यांनी मांडलेल्या होमिओपॅथीत भोवरीसाठी अँटिमोनियम क्रूडम हे औषध परंपरेने दिले जाते. ‘३० सी’ मात्रेत शंभरपट विरलन तीस वेळा होते, म्हणजेच मूळ द्रव्य १० च्या ६० व्या घाताइतके विरल होते. वस्तुतः बाराव्या टप्प्याच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता अत्यल्प असते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, असा निष्कर्ष तिने काढला.

मग गुण येतो, असे अनेकांना का वाटते? गोळ्या सुरू असतानाच रुग्ण चप्पल बदलतो, दाब कमी होतो व भोवरी ओसरते; श्रेय मात्र गोळीला मिळते. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणून त्यांत कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलनेचा गट आवश्यक असतो.

भारतात होमिओपॅथीला वैधानिक मान्यता आहे. १९७३ च्या केंद्रीय परिषद कायद्याची जागा २०२० च्या राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग कायद्याने घेतली. तथापि, व्यवसायाचे नियमन आणि उपचाराच्या गुणाचा पुरावा या दोन भिन्न बाबी आहेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात रुग्ण व चिकित्सक यांच्याकडील माहिती विषम असते. स्वस्त गोळीची खरी किंमत तिच्या छापील दरात नसून वाया गेलेल्या काळात असते. हाच संधी-परिव्यय होय.

मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत तो फार मोठा ठरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. पायाची संवेदना मंदावलेल्या मधुमेहींमध्ये भोवरीखाली नकळत जखम होते व प्रसंगी पाय कापावा लागतो. अशा रुग्णांनी भोवरी स्वतः ब्लेडने कापणे वा तीवर आम्ल लावणे टाळून त्वरित डॉक्टरांकडे जावे.

कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात संवेदना गमावलेल्या रुग्णांना सूक्ष्मछिद्री रबराची पादत्राणे पुरवली जातात. योग्य पादत्राण हीदेखील आरोग्यातील गुंतवणूक आहे, हे यावरून स्पष्ट होते. मधुमेहींच्या पायांची नियमित तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच झाल्यास अल्प खर्चात मोठे अपंगत्व टळू शकेल.