विडी सोडल्याने तरुणांच्या फुप्फुसांस होणारा लाभ

ज्या अंबरनाथ गावी पूर्वी विम्कोच्या आगपेट्या तयार होत, तेथील औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर विडी ओढणारे तरुण आजही दृष्टीस पडतात. कोणी म्हणेल, कारखान्याचा धूर छातीत जातोच, मग विडीने काय बिघडते? आम्ही म्हणतो, दोन ओझी वाहणाऱ्याने एक तरी खाली ठेवावे. फुप्फुसांची शक्ती सुमारे २५ व्या वर्षापर्यंत वाढते, पुढे घटते. विडीने ती अधिक वेगाने घटते. विडी सोडल्यास एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघून जातो, व काही महिन्यांत श्वासनलिकांतील सूक्ष्म केस पुन्हा कफ बाहेर लोटू लागतात. आरंभी कित्येकांस खोकला वाढतो, त्यास भिऊ नये. फाटलेले वायुकोश मात्र सांधत नाहीत. रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचीच ५० वर्षे पाहणी केली. तिशीच्या सुमारास धूम्रपान सोडणाऱ्यांचे आयुष्य, ते चालू ठेवणाऱ्यांहून सुमारे १० वर्षांनी अधिक भरले.