जुनी वास्तू, नवा उपयोग

उपयोग संपला की वास्तूची देखभाल थांबते आणि देखभाल थांबली की तिचा ऱ्हास सुरू होतो. उपासकांची संख्या घटल्याने युरोपातील अनेक शहरांत, भर बाजारपेठेतील जुन्या चर्चवास्तूंपुढे हाच प्रश्न उभा राहिला. नेदरलँड्समधील मास्त्रिख्त शहरातील उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

तेथील डोमिनिकन चर्च 13व्या शतकातील होय. 1794 मध्ये फ्रेंच सैन्याने शहर जिंकल्यानंतर तेथील उपासना बंद पडली. पुढे ही वास्तू कोठार म्हणून, तसेच सायकली ठेवण्यासाठीही वापरली गेली. 2006 मध्ये तेथे ग्रंथविक्री केंद्र आले. जागा सुमारे 750 चौरस मीटर, तर गरज 1,200 चौरस मीटरची होती. म्हणून मूळ भिंतींचा आधार न घेता आत पोलादाचा स्वतंत्र, मजली सांगाडा उभारण्यात आला. उद्या तो काढला, तरी मूळ वास्तू कायम राहील. 2014 मध्ये हे दुकान चालविणारी संस्था दिवाळखोरीत निघाली, तेव्हा लोकवर्गणीच्या मदतीने ते पुन्हा उभे राहिले.

आपल्याकडेही जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस चर्चलगतच्या मठात 1964 पासून पुरातत्त्व संग्रहालय आहे.

वास्तूचा उपयोग बदलताना तीन गोष्टी पाहणे अगत्याचे आहे : मूळ बांधकामास इजा न व्हावी, केलेला बदल पुढे काढता यावा आणि देखभालीच्या खर्चाची कायम तरतूद असावी. तिसरीचा विसर पडल्यास पहिल्या दोहोंचे श्रम वाया जातात.