होप, एक्स्पेक्ट की लुक फॉरवर्ड?

आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील अनेक मुले-मुली आयटीआय किंवा डिप्लोमा पूर्ण करून कारखान्यांत अर्ज करतात. कामाचे कसब हाती असते. पण अर्जातील एखादे इंग्रजी क्रियापद चुकले की विनंतीची मागणी होऊन बसते. म्हणून उद्याकडे पाहणारी पाच क्रियापदे आज आपण समजून घेऊ या.

१. होप : आशा. इच्छा आहे, खात्री नाही. 'आय होप टू जॉइन युवर कंपनी' हे नम्र वाक्य आहे.

२. एक्स्पेक्ट : अपेक्षा. हिच्यामागे कारण असते. पाळी तीनला सुटते, म्हणून घरचे म्हणतात, 'वी एक्स्पेक्ट हिम बाय फोर.' मात्र 'आय एक्स्पेक्ट यू टू रिप्लाय' हे साहेबांनी म्हटले तर हुकूम ठरतो आणि उमेदवाराने लिहिले तर उद्धटपणा वाटतो. फॉर्मवर 'एक्स्पेक्टेड सॅलरी' असे विचारले असेल, तर आकडा लिहिण्यास संकोच नको. प्रश्न त्यांनीच केलेला आहे. आणि 'शी इज एक्स्पेक्टिंग' म्हणजे तिला दिवस गेले आहेत!

३. वेट : थांबणे, वाट पाहणे. 'आपल्या उत्तराची वाट पाहत आहे' हे मराठीत सौजन्याचे आहे. त्याचेच शब्दशः 'आय ॲम वेटिंग फॉर युवर रिप्लाय' केले, तर 'अजून उत्तर का नाही?' असा सूर लागू शकतो.

४. लुक फॉरवर्ड टू : आनंदाने वाट पाहणे. मुले नाताळची पाहतात तशी. पत्राच्या शेवटी हेच शोभते : 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.' येथे 'हिअर' नव्हे, 'हिअरिंग'.

५. अँटिसिपेट : आधीच ओळखून तयारी ठेवणे. यंत्र बंद पडण्यापूर्वीच सुटा भाग मागवून ठेवणारा मेंटेनन्सचा कामगार हेच करतो.

गोव्यात शतकानुशतके चाललेल्या पोर्तुगीज भाषेत आशा करणे, अपेक्षा करणे आणि वाट पाहणे या तिन्हींसाठी 'एस्पेरार' हे एकच क्रियापद आहे. इंग्रजीत मात्र निवड आपल्यालाच करावी लागते.

सराव : आपल्या अर्जाचे शेवटचे वाक्य आज पुन्हा वाचावे आणि स्वतःला विचारावे : यात आपण आशा व्यक्त करीत आहोत, की समोरच्यावर हक्क सांगत आहोत? उत्तर मिळाले की योग्य क्रियापद आपोआप सापडेल.