अलंकृत अक्षर आणि वाचणारा डोळा

लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, नाटकाची जाहिरात, अंकाचे मुखपृष्ठ या ठिकाणी अक्षराकडून दोन अपेक्षा असतात: ते वाचता यावे आणि शोभावेही. पुस्तकातील मजकुराचे अक्षर डोळ्यांना जाणवू नये. अलंकृत अक्षर मात्र चटकन नजरेत भरावे. म्हणूनच ते चार-दोन शब्दांपुरते वापरतात. या शोभेची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इंग्रजी पत्रिकांवरील लपेटदार अक्षराचा एक उत्तम नमुना म्हणजे मॅथ्यू कार्टर यांनी १९६६ मध्ये केलेला ‘स्नेल राउंडहँड’ हा टाइप. चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनगुरूचे वळण त्यात उतरवले आहे. त्यातील लहान अक्षरे तळाशी निघणाऱ्या बारीक रेघेने एकमेकांना जोडली जातात. आपली देवनागरी मात्र शिरोरेषेखाली लटकते. तिची जोडणी वरून होते. इंग्रजी लपेट जशीच्या तशी तिच्यावर चढवली, की वेलांटी कोणती आणि शोभेची शेपटी कोणती हेच कळेनासे होते. वेलांटी हा दागिना नव्हे, तो स्वर आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत तेवढाच फरक आहे.

लपेट आपल्याला परकी आहे असे नाही. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेषा ओढीत आणि मग शक्य तितका हात न उचलता अक्षरे लिहीत. कमल शेडगे (निधन २०२०) यांनी मराठी नाटकांची नावे त्या त्या नाटकाच्या भावानुसार हाताने रेखाटली. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ हा फॉन्ट तर मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडला. ब्रशाचा ४५ अंशांचा तिरपा फटकारा त्यात जपला आहे. म्हणजे शोभा आपल्याच हाताच्या वळणातूनही निघू शकते.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आई प्रौढपणी अक्षरे जुळवायला शिकली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानकांची नावे ती गाडीतून स्वतः वाचते. पण नक्षीदार पत्रिका आली की माझ्या हाती देऊन विचारते, “कुणाचं लगीन गं?” ज्या घराने तिला अगत्याने बोलावले, त्याच घराच्या पत्रिकेने तिला दाराबाहेर उभे केले!

म्हणून असे सुचवावेसे वाटते: नावापुरते अलंकृत अक्षर जरूर वापरावे, तिथी, वेळ व पत्ता साध्या टाइपात द्यावा. नागमोडी रेघ शब्दाच्या शेवटी न्यावी, मात्रा-वेलांटीत गुंतवू नये. आणि शुद्धलेखनासाठी आपण प्रूफ तपासतो, तसेच ते नुकतेच वाचायला शिकलेल्या एखाद्या माणसापुढेही एकदा ठेवावे. त्याला नाव वाचता आले, तर ती शोभा सार्थकी लागली असे समजावे.