माळवदाचें साणें आणि प्रकाशनलिका

आपल्या जिल्ह्यांतील जुन्या माळवदाच्या घरांत ज्यांनीं पाऊल ठेविलें आहे, त्यांस साणें ठाऊक असेलच. भिंती रुंद, खिडकी बहुधा नाहींच. पण छतांत राखलेल्या भोंकांतून ऊन सरळ खालीं उतरे आणि चुलीचा धूर त्याच वाटेनें वर जाई. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटें किल्लारीच्या भूकंपांत, लातूर जिल्ह्यांत व इकडे सास्तूरच्या बाजूस, मातीच्या थरांनीं जड झालेलीं हींच छतें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. सुमारें आठ हजार जीव गेले. पुढें लोकांनीं पत्रा व सिमेंटचा स्लॅब पत्करला, तें योग्यच झालें. परंतु माळवदाबरोबर साणेंहि गेलें, आणि मधल्या खोल्यांत भर दुपारीं दिवा लावण्याची पाळी आली.

कचेऱ्यांचेंहि तेंच. खिडकीचा कामापुरता उजेड तिच्या उंचीच्या सुमारें दुपटीइतकाच आंत पोहोंचतो. त्यापलीकडे बसणाऱ्या कारकुनास, वीज गेली कीं, हातांतील अर्ज वाचवत नाहीं. बाहेर मात्र ऊन रखरखत असतें! बाहेरच्या प्रखर उन्हाची दीप्ति सुमारें एक लाख लक्स, आणि लिहिण्यावाचण्यास तीनशें ते पांचशें लक्स पुरे.

ऑस्ट्रेलियांत गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत विकसित झालेली प्रकाशनलिका म्हणजे साण्याचीच सुधारलेली आवृत्ति होय. छतावर पारदर्शक घुमट, त्याखालीं आंतून आरशासारखी चकचकीत नळी, आणि खोलीच्या छताशीं प्रकाश पसरविणारी दुधी तबकडी, एवढाच तिचा संसार. झांकलेली असल्यामुळें पाऊस आंत येत नाहीं. मात्र स्लॅब व घुमट यांच्या सांध्यांत हयगय झाली, तर पहिल्याच पावसाळ्यांत ती गळेल.

सारी करामत चकाकींत आहे. धाराशिव सुमारें १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळें मे महिन्याच्या मध्यास व जुलैअखेरीस सूर्य माध्यान्हीं थेट डोक्यावर येतो. २२ डिसेंबरला मात्र तो क्षितिजापासून ४८ अंशच चढतो. त्या दिवशीं पंचवीस सेंटिमीटर रुंद व पांच मीटर लांब नळींतून उतरणारा किरण भिंतीवर सुमारें अठरा वेळां आपटेल. दर वेळीं शेंकडा ९८ प्रकाश परत फिरला, तर अखेरीस शेंकडा ६९ उरतो. दर वेळीं ९० च फिरला, तर शेंकडा १५! वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित करून पाहावें. साधा पत्रा गुंडाळून काम कां भागत नाहीं, हें त्यावरून कळेल.

घुमट, नळी व तबकडी मिळून निम्मा प्रकाश खातात असें धरलें, तरी भर उन्हांत अशी एक नळी साठ वॅटच्या तीन जुन्या बल्बांइतका उजेड देईल. रात्रीं ती निरुपयोगी, ढगाळ दिवशीं मंद. आपल्याकडील उन्हाळ्यांतील धूळ लक्षांत घेतां घुमट वरचेवर पुसावा लागेल, आणि सरकारी इमारतींत तें काम कोणाचें, हा प्रश्न नळीच्या किंमतीहून बिकट आहे. शिवाय, खालच्या मजल्यावर प्रकाश न्यावयाचा तर वरच्या मजल्यांतून नळी काढावी लागते. म्हणून एकमजली कचेऱ्या व शाळा यांसच ती विशेष मानवते.

पत्र्याच्या घरास याहून स्वस्त उपाय आहे. ब्राझीलमधील आल्फ्रेदो मोझेर या यंत्रकारागिरानें २००२ सालीं पाण्यानें भरलेली दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली छपरांत अर्धी बाहेर, अर्धी आंत अशी बसविली. पाण्यांतून वळलेला प्रकाश खोलींत चहूंकडे फांकतो. पाण्यांत शेवाळ धरूं नये म्हणून थोडें ब्लीच घालतात, आणि पत्र्याच्या भोंकाभोंवतीं गळती थांबविणारा लेप देतात.