मोठ्या बोअरच्या हवाई बंदुकीची लांब पल्ल्याची शक्ती कशी पारखावी?

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड हे तालुके सह्याद्रीच्या रानाला लागून आहेत. येथील भात, नाचणी व उसाच्या पिकांस गवे, रानडुकरे व वानरे यांचा उपद्रव नेहमीचाच असतो. रात्रीमागून रात्री माळ्यावर जागून काढणाऱ्या शेतकऱ्यास, 'शंभर मीटरवर हमखास काम करणारी' मोठ्या बोअरची हवाई बंदूक हा एक सोपा उपाय वाटतो. परंतु अशा बंदुकीच्या अंगी खरोखर किती बळ आहे, हे पारखल्यावाचून तिच्यावर पैसा घालणे इष्ट नव्हे. ही पारख कशी करावी व तिच्यातून काय निष्पन्न होते, ते ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस समजावून द्यावे.

शक्तीचे मोजमाप

छऱ्याची शक्ती जूल या एककात मोजतात. सुमारे १०० ग्रॅम वजन एक मीटर उंच उचलण्यास जे बळ खर्ची पडते, ते साधारण एक जूल होय. हिशेबाची रीत सोपी आहे. छऱ्याचे वजन ग्रॅममध्ये घ्यावे, त्यास दर सेकंदास मीटर या मापाने मोजलेल्या वेगाच्या वर्गाने गुणावे व येणाऱ्या संख्येस २,००० ने भागावे.

नेमबाजीच्या सरावाच्या ४.५ मिलिमीटर बोअरच्या बंदुकीतून ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७५ मीटर वेगाने सुटला, तर त्याची शक्ती सुमारे ८ जूल भरते. याच रीतीने मोठ्या बोअरच्या बंदुकीतून १३ ग्रॅमची गोळी २४० मीटर वेगाने सुटली, तर शक्ती सुमारे ३७४ जूल होते. हा आकडा मोठा दिसतो खरा, परंतु ७.६२ मिलिमीटर बोअरच्या लष्करी बंदुकीच्या गोळीची शक्ती ३,००० जूलहून अधिक असते, हे ध्यानी ठेवावे.

पुष्कळदा माहितीपत्रकात केवळ वेग दिलेला असतो, आणि तोही सर्वांत हलक्या छऱ्याचा. म्हणून वजन व वेग हे दोन्ही आकडे एकाच छऱ्याचे आहेत काय, हे प्रथम विचारावे.

अंतराबरोबर होणारी घट

नळीच्या तोंडाशी असलेली शक्ती लक्ष्यापर्यंत टिकत नाही. हवेच्या विरोधाने वेग घटतो आणि शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते. वरील गोळीचा वेग १०० मीटरवर १९० मीटर उरला असे धरल्यास तेथील शक्ती सुमारे २३५ जूल भरते. म्हणजे वेग एक पंचमांश घटला, परंतु शक्ती एक तृतीयांशाहून अधिक गेली. यास्तव वेग नळीच्या तोंडाशी व प्रत्यक्ष लक्ष्याच्या अंतरावर, असा दोन ठिकाणी वेगमापक यंत्राने मोजल्याखेरीज लांब पल्ल्याच्या शक्तीविषयी काहीही सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट गोळीच्या घसरणीची. वरील गोळी नळीच्या सरळ रेषेखाली ५० मीटरवर सुमारे पाव मीटर, तर १०० मीटरवर सुमारे एक मीटर उतरते. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपटीहून अधिक होते. रात्रीच्या अंधारात १०० मीटरचे अंतर ८० मीटर समजले गेले, तर नेम बराच खाली जातो. मग वर्मी लागावयाची गोळी जनावराच्या पायात बसते.

तिसरी गोष्ट हवेच्या दाबाची. हवेच्या टाकीतील दाब प्रत्येक बारागणिक उतरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरांडोनी नावाची हवाई बंदूक होती. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी असून तीत सुमारे २० गोळ्या भरता येत. परंतु दाब उतरला की तिचाही मारा मंदावत असे. म्हणून पहिल्याच बाराचा वेग न पाहता, टाकी पुन्हा न भरता एकापाठोपाठ दहा बार मोजावेत.

कोल्हापूरचे उदाहरण

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, ते ५० मीटर रायफल प्रकारात. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत या २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. या दोन्ही स्पर्धांत दारूच्या काडतुसाची बंदूक वापरतात. हवाई रायफलीची ऑलिंपिक स्पर्धा केवळ १० मीटरवर होते. उजेड, आधार, मोजलेले अंतर व वर्षानुवर्षांचा सराव असतानाही जेथे अंतर इतके आखून दिलेले असते, तेथे अंधारात उसाच्या फडात शंभर मीटरचा भरवसा कोणी धरावा?

कायदा व धोका

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवाई बंदुकीस ४.५ मिलिमीटर बोअर व २० जूल शक्ती अशी मर्यादा आहे. ती ओलांडणाऱ्या बंदुकीस परवाना लागतो. मोठ्या बोअरची प्रत्येक हवाई बंदूक या मर्यादेबाहेरच असते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राण्यास जखमी करणे हीसुद्धा शिकारच ठरते. पूर्ण वाढलेल्या गव्याचे वजन हजार किलोपर्यंत भरते. असल्या गोळीने तो पडत नाही, चवताळतो. आणि सकाळी पाणी पाजावयास गेलेल्या माणसास त्याची गाठ पडते. चुकलेली गोळी तर शेकडो मीटर जाते. उसापलीकडे शेजाऱ्याची वस्ती आहे, हे फडातून दिसत नाही.

सारांश

तोंडाशी असलेल्या शक्तीवरून पल्ल्याची शक्ती ठरवू नये. वजन, दोन ठिकाणचा वेग, घसरण व दहा बारांतील दाब या चारही गोष्टी मोजून पाहाव्यात. तसे पाहिले असता पीकरक्षणासाठी ही बंदूक घेणे हिताचे नाही, असेच दिसून येईल. तोच पैसा चार शेतकऱ्यांनी एकत्र करून सौरकुंपण, राखणीच्या पाळ्या व उजेडाची सोय यांवर घालावा. नुकसान होताच वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज करावा. या कामी ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस साहाय्य करावे.